ट्रिमर हाताशी आहे, मग राउटर टेबल कोणतं करावं?

वाचकाचं पत्र:

"मी चिपळूणला राहतो. शाळेतून निवृत्त झाल्यावर सुतारकामाची जुनी हौस पुन्हा सुरू केली. २०२१ च्या पुरात खालच्या मजल्यावरचं सगळं गेलं, तेव्हापासून कामाची खोली माडीवर आहे, दहा बाय अकराची. माझ्याकडे ७१० वॅटचा, वेग कमी-जास्त करता येणारा ट्रिमर (लाकडात खाचा आणि कडा कापणारा छोटा राउटर), पाव इंची बिटांचा एक संच, जिगसॉ, ड्रिल आणि वडिलांचे रंधे-पटाश्या आहेत. फोटोफ्रेम, डबे, लहान ड्रॉवर करतो. पुढे घरातल्या कपाटांना लाकडी चौकटीची, मध्ये पॅनेल असलेली दारं करायची आहेत. त्यासाठी राउटर टेबल, म्हणजे खाली यंत्र उलटं लावून वर बिट काढलेलं टेबल, हवंसं वाटतं. परदेशी, लिफ्टवालं टेबल पाहिलं, ते चाळीस हजारांच्या पुढे जातं. पत्र्याचं तयार टेबल पाच-सहा हजारांत मिळतं. ओळखीचे सुतार म्हणतात, 'मास्तर, फळीला भोक पाडा, ट्रिमर उलटा लावा, झालं.' पंचवीस हजारांपर्यंत खर्च करायची तयारी आहे. काय करावं? आणखी एक. नात बारा वर्षांची आहे, सुट्टीत आली की माझ्याबरोबर काम करायचा हट्ट धरते. तिला या यंत्रावर काम करू द्यावं का?"

नमस्कार सर,

तीन पर्यायांपैकी तुमचे सुतार सांगतात तोच बरोबर आहे, पण अर्धाच. टेबल स्वतः करा. त्यात ॲल्युमिनियमची प्लेट बसवा आणि आत्ता तुमचाच ट्रिमर त्याला लावा. मोठा राउटर पुढे कधी घ्यावासा वाटला तर तो त्याच जागेत बसेल अशी सोय आजच करून ठेवा. वाचलेले पैसे चांगली बिटं, सुरक्षित स्विच आणि धूळ ओढणारा व्हॅक्युम यांवर घाला.

परदेशी लिफ्टवाली टेबलं उत्तम असतात, यात शंका नाही. पण त्या लिफ्ट, म्हणजे राउटर वर-खाली करणाऱ्या यंत्रणा, जाड मोटरीच्या मोठ्या राउटरसाठी बनवलेल्या असतात. तुमचा ट्रिमर त्यात बसवायचा तर वेगळा जोड शोधावा लागेल. म्हणजे चाळीस हजारांचं टेबल आणि वर मोठा राउटर, असा तो खर्च होतो. ओतीव लोखंडाचा टॉप असेल तर तो माडीवर चढवायचा आणि चिपळूणच्या पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी तेल-मेण लावून गंजापासून वाचवायचा, हे काम मागे लागेल ते निराळंच. तयार पत्र्याच्या टेबलाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. राउटर टेबलात दोनच गोष्टींवर तडजोड चालत नाही, सपाट टॉप आणि सरळ फेन्स, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायची आडवी पट्टी. स्वस्त टेबलांत नेमक्या याच दोन जागी काटकसर केलेली असते. दुकानात असं टेबल दिसलं तर त्यावर स्टीलची मोठी पट्टी उभ्या कडेवर ठेवून पाहा. मध्ये उजेड दिसला की उत्तर मिळालं.

आता मुळाशी जाऊ. कोणतं टेबल हे ठरवण्याआधी तुम्ही जास्तीत जास्त किती मोठं बिट फिरवणार आहात ते ठरवावं लागतं. बिटाचा व्यास कोणता राउटर लागेल ते ठरवतो आणि राउटर टेबल ठरवतो. खरेदी बहुतेकदा याच्या उलट क्रमाने होते, आणि पैसे तिथेच वाया जातात.

ट्रिमरला पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी दांड्याचं बिट लागतं. साधारण २५ मिमी व्यासापर्यंतची बिटं त्यावर समाधानकारक चालतात. सरळ बिट, खाचेचं बिट, पाव इंच त्रिज्येचं गोलाईचं बिट, छोटं ४५ अंशाचं बिट, लहान ओजी (नागमोडी कडेचं बिट), हे सगळं यात आलं. फोटोफ्रेम, डबे आणि ड्रॉवर यांचं जवळजवळ सगळं काम एवढ्यात भागतं. कपाटाच्या दारातलं मधलं पॅनेल कडेने उतरतं, फुगीर करायचं असेल तर मात्र त्याचं आडवं बिट ८० मिमीच्या पुढचं असतं. त्याला अर्धा इंची, म्हणजे १२.७ मिमीचा दांडा लागतो आणि वेग १२,००० फेऱ्यांच्या आसपास उतरवावा लागतो. ते काम ट्रिमरचं नाही. पाव इंची दांड्यावर तेवढं बिट कोणी देऊ केलं तरी घेऊ नका.

वेगावर इतका भर का, ते एका हिशेबात कळेल. ५० मिमी व्यासाचं बिट मिनिटाला २४,००० फेऱ्यांनी फिरलं तर त्याची धार सेकंदाला ६३ मीटर पळते, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर. तेच बिट १६,००० ते १८,००० वर फिरवलं की धार सुरक्षित वेगात येते, लाकूड जळत नाही आणि हाताला थरथर जाणवत नाही. म्हणून मोठा राउटर घ्यायची वेळ आली तर वॅट बघण्याआधी वेग कमी करता येतो का ते बघा. एकाच वेगाने फिरणारे मोठे राउटर बाजारात स्वस्त मिळतात. हातात धरून लहान बिट चालवायला ते ठीक, टेबलाखाली मोठं बिट लावायला नाहीत. बॉशचा जीएमएफ १६०० सीई १६०० वॅटचा आहे आणि १०,००० ते २५,००० फेऱ्यांत चालतो. मकिताचा आरपी २३०१ एफसी २१०० वॅटचा आहे, त्याचा वेग ९,००० ते २२,०००. टेबलाखाली लावायला या वर्गातलं यंत्र चांगलं. पण ते आज नको.

आज नको, कारण तुमच्या कपाटाच्या दारांना फुगीर पॅनेल हवंच असं पत्रावरून वाटत नाही. लाकडी चौकट आणि मध्ये सपाट ६ मिमीचा प्लाय, अशी दारं ट्रिमरवर फार चांगली होतात. कशी, ते पुढे सांगतो. आधी ती दोन-चार दारं करा. मग मोठा राउटर हवा की नको हे तुमचं तुम्हालाच समजेल.

टॉपसाठी १८ मिमीचे दोन तुकडे एकमेकांवर चिकटवून ३६ मिमी जाडी करा. तुमच्या हवेत साधा एमडीएफ नको, कडेने ओल पिऊन फुगतो. पार्टिकल बोर्ड तर मुळीच नको. एचडीएचएमआर (ओल सोसणारा दाट बोर्ड) घ्या किंवा चांगला बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्यात टिकणारा, प्लाय, पण प्लाय घेतलात तर दुकानातच पट्टी लावून पीळ तपासा. आकार दोन फूट बाय दीड फूट पुरे. तुमच्या खोलीत वेगळं उभं टेबल मांडलं तर बारमाही जागा अडेल, म्हणून हा टॉप दोन आडव्या पायांवर ठेवून कामाच्या बेंचला शिकंज्यांनी आवळायचा. काम झालं की भिंतीला उभा करून ठेवता येतो. कामाची पातळी जमिनीपासून तीन फुटांच्या आसपास यावी. तुमच्या कंबरेच्या जरा वर आली तर पाठ वाकणार नाही.

टॉपवर सनमायका लावा, आणि वरून लावाल तशीच खालूनही लावा. एकाच बाजूला लावली तर दुसरी बाजू हवेतली ओल घेते-सोडते आणि पहिल्याच पावसाळ्यात टॉप पालथ्या किंवा उताण्या बाकात जातो. खालच्या बाजूला कोणत्याही रंगाची, उरलेली सनमायका चालेल. वर मात्र गुळगुळीत, मॅट आणि फिकट रंगाची घ्या, म्हणजे पेन्सिलीच्या खुणा दिसतात आणि लाकूड सरकतं. कडांना लाकडी पट्टी लावून पॉलिश मारा, एकही कड उघडी ठेवू नका.

आता "फळीला भोक" एवढ्यावर का थांबू नये ते सांगतो. ३६ मिमी जाडीखाली ट्रिमर लटकवला तर बिट वर यायला लांबीच उरत नाही. बारा मिमीच्या फळीला लावला तर बिट वर येतं, पण फळी काही महिन्यांत मध्ये खचते. जाड टॉप आणि मध्ये पातळ, कडक प्लेट हा त्यावरचा उपाय आहे. ॲल्युमिनियमची ८ ते १० मिमीची प्लेट घ्या. हायलम शीट, म्हणजे बॅकेलाइट, तेवढ्याच जाडीची मिळाली तर तीही छान. ॲक्रिलिक वजनाखाली हळूहळू वाकतं, ते टाळा.

फक्त ट्रिमरपुरती अरुंद प्लेटही मिळते. ती घेऊ नका. साधारण ३०० बाय २३५ मिमीची मोठी प्लेट घ्या, कारण अमेरिकी मापाच्या बहुतेक प्लेटा याच आकाराच्या असतात आणि मोठे राउटर त्यात बसतात. ऑनलाइन नाही मिळाली तर खेर्डी किंवा लोट्याच्या एमआयडीसीच्या बाजूला एखाद्या मिलिंगवाल्याकडून कापून घ्या. कोपरे किती त्रिज्येने गोल हवेत ते त्याला आधी सांगा. तुमच्या खाचेच्या बिटाची जी त्रिज्या, तीच कोपऱ्याची ठेवा, म्हणजे टॉपमध्ये खाच कोरताना कोपरे पटाशीने साफ करत बसावं लागणार नाही.

प्लेटची खाच कोरण्याचं काम सावकाश करा. प्लेट टॉपवर ठेवून चारही बाजूंनी सरळ पट्ट्या चिकटवायच्या, मग प्लेट उचलून घ्यायची आणि वर बेअरिंग असलेलं बिट त्या पट्ट्यांच्या कडेने फिरवायचं. खोली प्लेटच्या जाडीहून अर्धा-एक मिमी जास्त ठेवा. मग आतल्या बाजूला पंधरा-वीस मिमीची पायरी राखून मधला भाग जिगसॉने कापून काढा. त्या पायरीत चारही कोपऱ्यांना लहान स्क्रू बसवा. ते वर-खाली करून प्लेट टॉपच्या अगदी बरोबरीत आणता येते. स्टीलची पट्टी टॉपवरून प्लेटवर सरकवा. कुठेही अडकली नाही, नखालाही पायरी लागली नाही, की बसली. उजवीकडून येणारं लाकूड प्लेटच्या कडेला अडकलं तर कापताना नेमका तिथेच थांबा लागतो आणि जळका डाग पडतो.

ट्रिमरचा काळा प्लास्टिकचा तळ काढा, तो प्लेटवर ठेवून भोकांच्या खुणा करा आणि स्क्रूंची डोकी बुडतील एवढं काउंटरसिंक करा. प्लेटची जाडी वाढल्याने मूळ स्क्रू पुरणार नाहीत. त्याच आट्यांचे लांब स्क्रू घ्या. मधलं भोक बिटाहून थोडंच मोठं हवं, म्हणून वेगवेगळ्या मापांच्या रिंगा असलेली प्लेट मिळाली तर उत्तम. बिटाभोवती मोठी पोकळी राहिली तर लहान लाकडाचं टोक त्यात बुडतं आणि बिट त्याला खेचून घेतं.

फेन्ससाठी महागडी ॲल्युमिनियमची रेल लागत नाही. टेबल सॉच्या फेन्ससारखा राउटरचा फेन्स कशाला समांतर असावा लागत नाही, कारण बिट गोल आहे. बिटापासून फेन्सचं अंतर एवढंच महत्त्वाचं. म्हणून साग किंवा चांगल्या प्लायची एक सरळ पट्टी घ्या, मध्ये बिटासाठी अर्धगोल खाच करा, मागे व्हॅक्युमच्या पाइपासाठी खोका लावा. पट्टीचं एक टोक टॉपला बोल्टने खिळवा आणि दुसरं टोक शिकंज्याने धरा. बिट बरोबर मध्यावर असेल तर मोकळं टोक १ मिमी सरकवल्यावर बिटापाशी अर्धाच मिमी फरक पडतो. मोकळ्या टोकापाशी पेन्सिलीची रेघ मारून ठेवलीत की दशांश मिमीपर्यंतची जुळणी हाताने करता येते.

उंचीचंही तसंच. लिफ्ट नसली तरी अडत नाही. ट्रिमरच्या तळातली दात्यांची पट्टी असेल तर तीच वापरा. नसेल तर खालून एम ६ चा आट्याचा दांडा एका नटातून वर आणून मोटरीच्या बुडाला टेकवा. एम ६ चा पेच १ मिमीचा असतो, म्हणून एक पूर्ण फेरा म्हणजे १ मिमी आणि पाव फेरा म्हणजे पाव मिमी. उंची नेहमी खालून वर चढवत आणा. वरून खाली उतरवत माप घेतलं तर आट्यांतला ढिलेपणा राहतो आणि काम चालू असताना बिट खचतं. माप आलं की तळाचा स्क्रू पक्का आवळायचा.

आता खर्च जिथे करायलाच हवा ती जागा, स्विच. ट्रिमर टेबलाखाली गेला की त्याचा स्विच चालू अवस्थेत ठेवून वीज बाहेरून द्यावी लागते. कोकणात पावसाळ्यात वीज किती वेळा जाते-येते हे मी तुम्हाला सांगायला नको. वीज गेली, तुम्ही बिट बदलायला हात खाली घातलात आणि वीज आली, तर काय होईल याचा विचार करा. यासाठी नो-व्होल्ट स्विच मिळतो. वीज गेली की तो आपोआप बंद होतो आणि आल्यावर हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय चालू होत नाही. तो टेबलाच्या पुढच्या बाजूला, गुडघ्याने किंवा मांडीने लाल बटण दाबता येईल अशा उंचीवर लावा. आणि स्विच कितीही चांगला असला तरी बिट बदलताना पिन सॉकेटमधून काढून समोर टेबलावर ठेवा. पुढे २१०० वॅटचा राउटर घेतलात तर तो नऊ अँपिअरच्या आसपास वीज खाईल. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट, बरी वायर आणि अर्थिंग लागेल. माडीवरची लाइन जुनी असेल तर वायरमनला एकदा दाखवून घ्या.

बिटांचं बोलायचं तर मोठा स्वस्त संच घेण्यापेक्षा चार चांगली कार्बाइड बिटं घ्या. सागात वाळूचे सूक्ष्म कण असतात, साधी एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टीलची, बिटं त्यात लवकर बोथट होतात. बाजारात ६ मिमी आणि ६.३५ मिमी, १२ मिमी आणि १२.७ मिमी असे दोन्ही दांडे शेजारी शेजारी मिळतात आणि डोळ्यांना सारखेच दिसतात. ६ मिमीचं बिट पाव इंची कोलेटमध्ये (दांडा धरणाऱ्या पकडीत) आवळल्यासारखं वाटतं, पण चालू कामात वर सरकतं. घेताना कॅलिपरने दांडा मोजूनच घ्या. बसवताना दांडा तळापर्यंत घालून दोन-तीन मिमी मागे ओढा, मग आवळा.

आता कपाटाचं दार. चौकटीचं लाकूड २० मिमी जाड धरू. ६ मिमीचा म्हणून आणलेला प्लाय बहुतेकदा साडेपाचच्या आसपास भरतो. पाव इंची बिटाने एका फटक्यात खाच केली तर प्लाय त्यात खडखडतो. म्हणून ४ मिमी कापणारं सरळ बिट लावा. फेन्स असा ठेवा की बिट लाकडाच्या मध्यापासून थोडं एका बाजूला राहील. खाच मारा, मग लाकूड टोकाकडून उलटून दुसरी बाजू फेन्सला लावा आणि पुन्हा मारा. दोन्ही बाजूंनी सारखंच कापलं गेल्यामुळे खाच आपोआप बरोबर मध्यावर येते. रुंदी कमी पडली तर फेन्स केसभर सरकवा. प्रत्येक सरकवणं खाचेत दुप्पट होतं, हे लक्षात ठेवा. प्लायचा तुकडा अंगठ्याच्या दाबाने आत जाईल आणि उलटं धरल्यावर पडणार नाही, इथे थांबा. हे माप चौकटीच्या लाकडावर घेऊ नका. त्याच जाडीचा एक टाकाऊ तुकडा घ्या आणि तारीख-माप लिहून पुढच्या दारासाठी जपून ठेवा.

खाचेची खोली १० मिमी पुरे, पण ती एका दमात नको. ४ मिमीचं बिट नाजूक असतं. दर वेळी अडीच-तीन मिमी घ्या. आडव्या पट्ट्यांच्या टोकांना त्याच खाचेत बसेल अशी १० मिमीची जीभ काढा. त्यासाठी १२ मिमीचं सरळ बिट आणि पट्टीच्या मागे एक चौकोनी, गुण्यात (काटकोनात) असलेला लाकडी ठोकळा हवा. ठोकळा पट्टी सरळ ठेवतो आणि टोकाला रेषे फुटू देत नाही. ऐन किंवा किंजळ यांसारखं कठीण लाकूड वापरणार असाल तर घास आणखी कमी घ्या. फणसाचं लाकूड मात्र या कामाला फार गोड आहे, धार ठेवतं आणि रंगही सुंदर येतो. प्लायऐवजी फणसाचं भरीव पॅनेल बसवायचं ठरवलंत तर ते खाचेत चिकटवू नका आणि रुंदीत दोन्हीकडे दोन-तीन मिमी जागा सोडा. चिपळूणच्या जुलैत ते पॅनेल फुगणारच, आणि जागा नसेल तर चौकटीचे सांधे उघडेल.

याच टेबलावर फळीची कडही सरळ करता येते, हे फार जणांना माहीत नसतं. फेन्सच्या डाव्या अर्ध्या भागावर १ मिमी सनमायकाची पट्टी चिकटवा. सरळ बिटाची धार त्या पट्टीच्या पृष्ठाशी जुळवा. उजवीकडून फळी लावून ढकलली की १ मिमी कापलं जातं आणि कापलेली कड डाव्या बाजूला टेकूनच पुढे जाते. दोन फुटांपर्यंतच्या फळ्यांना हे पुरतं. वडिलांचा लांब रंधा हाताशी असताना तुम्हाला त्याची गरज किती पडेल ते तुम्ही ठरवा, पण प्लायच्या कडांवर रंधा घालण्यापेक्षा हे बरं.

ढकलण्याची दिशा हा नियम मात्र मोडायचा नाही. टेबलाखाली उलटं लावलेलं बिट वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट दिशेने फिरतं. म्हणून फेन्स बिटाच्या मागे असताना लाकूड नेहमी उजवीकडून डावीकडे ढकलायचं. उलट दिशेने ढकललं तर बिट लाकूड हातातून खेचून फेकतं आणि हात बिटाकडे जातो. तितकीच धोक्याची दुसरी गोष्ट, लाकूड बिट आणि फेन्स यांच्या मधल्या फटीतून कधीही घालू नका. पट्टी अरुंद करायची असेल तर तो मार्ग मोह घालतो, आणि लाकूड बाणासारखं सुटतं. गोल किंवा वाकडा तुकडा बेअरिंगवर फिरवायचा असेल तेव्हा फेन्स काढून प्लेटमध्ये सुरुवातीची खुंटी लावा. लाकूड आधी खुंटीला टेकवा, मग बिटाला. बोटं बिटापासून वीतभर लांब ठेवा, त्याहून जवळ जावं लागत असेल तर ढकलणी वापरा. लाकूड फेन्सला दाबून ठेवायला सागाच्या तुकड्याला तीन-तीन मिमीच्या चिरा पाडून बोटांची फणी करा. एका तासाचं काम आहे आणि सुरक्षिततेत त्याच्याइतकी भर दुसरं काही घालत नाही.

धुळीकडे हौशी माणसं दुर्लक्ष करतात, तुम्ही करू नका. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. तिला त्या गटात घातलं ते जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने. फेन्समागच्या खोक्याला व्हॅक्युम जोडा, तोंडाला एन ९५ मास्क लावा, खिडक्या उघड्या ठेवा. टेबलाखालची जागा मात्र पेटीसारखी बंद करू नका. उलटा लटकलेला राउटर हवा खालून ओढतो. बंद पेटीत तो स्वतःचाच भुसा ओढत राहतो आणि तापतो. मागची बाजू उघडी राहू द्या. कानांना मफ लावा. ट्रिमरचा आवाज टिपेचा असतो, माडीवरून तो दूर जातो, तेव्हा दुपारी एक ते चार शेजाऱ्यांसाठी सोडा.

पंचवीस हजारांत हे सगळं बसतं का? टॉप, प्लेट, फेन्स, स्विच आणि चार चांगली बिटं घेऊन पुष्कळ पैसे उरतील. त्यातून आधी व्हॅक्युम घ्या. त्यानंतर उरतील ते तसेच बाजूला ठेवा. वर्षभर काम करून फुगीर पॅनेल करायचीच असं वाटलं, तर तेव्हा त्यात थोडी भर घालून वेग बदलता येणारा, अर्धा इंची राउटर घ्या. प्लेट मोठी आहे, नवी भोकं पाडून तो त्याच जागी बसेल. घेतलात की त्याची मोटर मागे ढकलणाऱ्या दोन्ही स्प्रिंगा टेबलाखाली असताना काढून ठेवता येतात का ते पुस्तिकेत पाहा. नाहीतर उंची वाढवताना प्रत्येक वेळी स्प्रिंगांशी झगडावं लागतं.

राहिला नातीचा प्रश्न. बारा वर्षांच्या मुलीने चालू राउटर टेबलाशी उभं राहू नये, मदतीलाही नाही. लाकूड दुसऱ्या बाजूने ओढून धरायला लहान हात लागतात असं वाटतं, पण तेच सर्वांत धोक्याचं काम आहे. टेबल चालू असेल तेव्हा तिला दाराबाहेर बसवा. पण त्याआधीचं आणि नंतरचं पुष्कळ काम तिचं आहे. गुण्या लावून खुणा करणं, प्लायचा तुकडा टाकाऊ खाचेत घालून "अजून घट्ट आहे आजोबा" असं सांगणं, कॅलिपरने बिटाचे दांडे मोजून डब्यांवर चिठ्ठ्या लावणं, कडा पॉलिशपेपरने घासणं. वडिलांच्या रंध्यांतला सर्वांत छोटा रंधा काढा, त्याला धार लावा आणि फणसाच्या एका पट्टीवर तिला तो चालवायला शिकवा. पट्टी बेंचला आवळलेली असावी आणि तिचे दोन्ही हात रंध्यावर असावेत, एवढंच बघा.